अर्धा राहिलेला समुद्र

मायचा फोन शय्येवर ठेवून दान केला, हे वर्षालीला कळलं ते तेरवी आटोपून मांडव निघाल्यावर. तेही तिनं स्वतः फोन मागितला म्हणून.

“फोन?” तिचा धाकटा भाऊ नितेश मांडवाची दोरी गुंडाळता गुंडाळता थांबला. “थो तं देला नं वामनमहाराजाले. पलंग, गादी, छत्री, चपला, तांब्या, बॅटरी, अन् फोन. तू तं इथंच होती, ताई.”

वर्षाली इथंच होती, पण आत होती, बायकांच्या घोळक्यात. कुणी गळ्यात पडलं की तिच्यासोबत रडायचं, तिनं सोडलं की तिला पाणी द्यायचं, हे चाललं होतं. शय्या अंगणात मांडली होती. कोऱ्या गादीवर मायच्या मापाच्या कोऱ्या चपला ठेवलेल्या तिनं दारातून पाहिल्या आणि ती मागच्या ओसरीत जाऊन उभी राहिली. पुढचं तिनं पाहिलंच नव्हतं.

“पण फोन काहून देला?”

“तिले लागे म्हणून देला. चपला तं तिनं घरात कधी घातल्या नाही. छत्री तिची मीच हरपली. जे तिले खरंच लागे, थे एक तं देलं पायजे का नाही? वर करमन का तिले?” त्यानं हे अगदी सरळपणे सांगितलं. मग स्वतःच थोडा हसला. “आता तिकडे रेंज भेटते का नाही, थे तिलेच मालूम.” हसताना त्याचे डोळे भरून आले आणि तो दोरी खांद्यावर टाकून गोठ्याकडे निघून गेला.

त्याच्यावर चिडावं असं त्यात काही नव्हतं. वर्षालीला तेच जड गेलं.

त्यांचं गाव अकोल्याहून बार्शीटाकळीकडे जाताना लागतं. घरची काळी जमीन, त्यातला विहिरीखालचा तुकडा फुलांचा. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. पहाटे तोडायचं, गाठोडी बांधायची आणि अकोल्याच्या फुलबाजारात पाठवायची. मायचं, पंचफुलाबाईंचं, सगळं आयुष्य या तुकड्यात गेलं. वर्षालीचे वडील शालिकराम गेले तेव्हा माय दुपारी नुसती भिंतीकडे पाहत बसते, असं करिश्मानं कळवलं. करिश्मा म्हणजे नितेशची बायको. त्या वेळी वर्षालीनं अमरावतीहून येऊन मायच्या फोनमध्ये ते अॅप टाकून दिलं होतं. विद्यापीठांचे अभ्यासक्रम, घरबसल्या, फुकट. ती स्वतः अमरावतीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. पुस्तकं आणून दिली असती, पण मायच्या डोळ्यांना बारीक अक्षर झेपत नव्हतं. हिंदी मात्र तिला चांगलं समजायचं.

जीव रमेल, एवढाच हेतू होता. माय चार दिवसांत सोडून देईल, हेही वर्षालीनं धरूनच ठेवलं होतं. पहिला अभ्यासक्रम मायनं सोडलाही. तो लेण्यांचा होता. “दगडायचं लय झालं,” म्हणाली. मग पक्ष्यांचा घेतला, तोही सोडला. “आपल्या वावरात येतेत थेच पाखरं. त्याईले काय मोबाइलात पाहाचं?” आणि मग तिला समुद्र सापडला.

समुद्रविज्ञान. कोणत्याशा विद्यापीठातले एक वयस्कर प्राध्यापक हिंदीतून शिकवायचे. पाठीमागे काळं-निळं पाणी, पुढे सर. पंचफुलाबाईंनी समुद्र कधी पाहिला नव्हता. त्यांच्या उभ्या आयुष्यात सगळ्यात मोठं पाणी म्हणजे काटेपूर्णेचं धरण. त्या फुलांच्या शेडमध्ये गाठोडी बांधत बसायच्या, फोन शेवंतीच्या ढिगाला टेकवून ठेवायच्या, आणि सर बोलत राहायचे.

शेजारची माणिकबाई येता-जाता टोमणा मारायची. “पंचफुले, पाणबुडी व्हाची हायेस का वं या वयात?”

“हो नं. पयले तुयाच विहिरीत उतरतो. पाहतो काय काय लपवून ठेवलं हाय थे.”

करिश्मा कधी विचारायची, “मामी, हे शिकून भेटते काय?” सासूला ती मामीच म्हणायची.

“काही नाही भेटत. म्हणून तं पाहतो. आजवर जे केलं थे काही भेटावं म्हणूनच केलं.”

अॅप मधून मधून परीक्षेला बसा म्हणून आठवण द्यायचं. माय ती खूण अंगठ्यानं बाजूला सारायची. “परीक्षा देऊन मले का तलाठी व्हाचं हाय?”

दर रविवारी बाजाराची गडबड संपली की तिचा फोन यायचा. खुशाली दोन वाक्यांत आटपायची आणि मग समुद्र सुरू व्हायचा. खोल पाण्यातला एक मासा स्वतःच्या कपाळावर दिवा घेऊन फिरतो. चंद्र पाणी ओढतो, पण विहिरीचं ओढत नाही, कारण विहीर लहान पडते. देवमाशाची माय पिल्लाला दूध पाजते, पाण्याच्या आत, अन् सांडत नाही. वर्षालीनं आयुष्यभर वाचलं होतं. समुद्रावरची जाडजूड पुस्तकंही त्यात होती. पण मायच्या तोंडून आलेला समुद्र काही वेगळाच असायचा. तो ऐकताना तिला जवळच्या नात्यातल्या कुणाच्या भानगडी ऐकल्यासारखं वाटायचं.

शेवटच्या रविवारी मायचा आवाज फोन उचलताच हसरा होता.

“आज लय मजेचं निघालं वं, वर्षा. मी एकटीच हासत बसली. करिश्माले वाटलं मायं डोस्कं फिरलं.”

“काय निघालं पण?”

“अर्धंच पाहिलं. तेवढ्यात गाडीवाला आला फुलं न्याले. उरलेलं पाहून घेतो, मंग सांगतो.”

“अर्धं तं सांग.”

“अर्ध्यात मजा नाही. अशीच ऐकाची घाई कर तू. पुढच्या रविवारी सांगतो.”

त्या आठवड्यात गुरुवारी सकाळी पंचफुलाबाई शेवंतीच्या ओळीत खाली बसल्या. चक्कर आली असेल म्हणून करिश्मानं आधी पाणी नेलं. पाणी प्यायला त्या राहिल्या नव्हत्या.

लोक येत होते, सांत्वन करत होते. चालती-बोलती गेली, कुणाला त्रास नाही दिला, असं मरण मागून मिळत नाही, असं म्हणत होते. वर्षाली मान हलवत होती. दुःखावरची पुस्तकं तिनं पुष्कळ वाचली होती, कित्येकांना सुचवलीही होती. त्यांतलं एकही वाक्य आता तिच्या मदतीला आलं नाही. तिच्या डोक्यात एकच गोष्ट अडकून बसली होती. माय कशाला हसली?

अमरावतीला परतल्यावर तिनं स्वतःच्या नंबरवर तोच अभ्यासक्रम घेतला. तास इतके होते की यादी वर सरकवता सरकवता अंगठा दुखे. माय क्रमानं पाहायची नाही. नाव आवडलं की तो तास लावायची. त्यामुळे अंदाज करायला जागा नव्हती. पण अॅपची एक रीत वर्षालीला माहीत होती. ते प्रत्येकाची जागा धरून ठेवतं. पुरा पाहिलेल्या तासाला हिरवी खूण करतं आणि अर्ध्यावर सोडलेल्या तासाखाली लाल रेघ ओढतं, सोडला तिथपर्यंत. मायच्या फोनमध्ये ती रेघ असणार. त्या रेघेच्या अलीकडे माय हसली होती. रेघेपासून पुढे जे होतं, ते ती पुढच्या रविवारी सांगणार होती.

वर्षालीला तेवढंच हवं होतं. तो तास सुरुवातीपासून लावायचा, माय थांबली तिथपर्यंत यायचं, आणि उरलेलं तिच्या वतीनं पाहून घ्यायचं.

तिनं करिश्माला फोन केला.

“दान देलेली वस्तू वापस मांगतेत का, ताई?” करिश्मा घाबरली. “मामीले पोचलेलं वापस येईन मंग. लोक काय म्हणतीन?”

“मांगत नाही वं. पाहतो फक्त. फोन त्याइच्याच घरी राहू दे.”

“पाहून काय होते?”

हे फोनवर समजावण्यासारखं नव्हतं. समोरासमोरही कितपत समजावता आलं असतं, कोण जाणे. वर्षालीनं रजा टाकली आणि सकाळची अकोल्याची एसटी धरली. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरीची कापणी झालेली वावरं उघडी पडली होती. अकोल्याहून ती बार्शीटाकळीला, वामनमहाराजांच्या गावी गेली. मधे गावचा फाटा लागला तेव्हा ती दुसऱ्या खिडकीतून बाहेर पाहत राहिली.

वामनमहाराजांचं घर सापडायला वेळ लागला नाही. ओसरीवरच मायचा पलंग टाकलेला होता. त्यावर तीच गादी होती आणि गादीवर महाराज भिंतीला टेकून चहा पीत बसले होते. वर्षाली पायरीवरच थांबली.

“या, या. पंचफुलाबाईंच्या वर्षाली ना तुम्ही? बसा. आचल, पाणी आण गं.” त्यांनी पलंगावर हात मारून जागा दाखवली. वर्षाली शेजारच्या खुर्चीत बसली. महाराजांच्या ते ध्यानात आलं. “पलंगाकडे पाहून जीव कसा तरी होत असेल. होणारच. पण मी मुद्दाम वापरतो बरं का. कित्येक ठिकाणी काय करतात, शय्या घेतली की दुकानात विकून मोकळे. आपलं तसं नाही. घेतलेली वस्तू वापरली तरच गेलेल्या माणसाला पोचते. मी या गादीवर पडलो की तुमच्या आईची पाठ टेकते. बॅटरी मी रोज नेतो. चपला मला होईनात, त्या आमच्या हिच्या पायात आहेत. त्यात हयगय नाही.”

“आणि फोन?” वर्षालीनं विचारलं. “मला तो परत नको, महाराज. फक्त एकदा पाहायचाय. त्यात आई एक अभ्यासक्रम पाहत होती. तो कुठवर आला होता, तेवढंच.”

“अहो, मग आचलला विचारा. फोन तिच्याकडे. आमच्यापैकी कुणाला त्यातलं कळतं?”

पाणी घेऊन आलेली आचल महाराजांची सून होती. नव्यानंच लग्न होऊन आलेली. वर्षाली अमरावतीची म्हटल्यावर तिचा चेहरा खुलला. “मायं माहेर नांदगाव पेठचं, ताई! थांबा, आणतो फोन.” ती आत पळाली आणि फोन पदराला पुसत बाहेर आली. मायच्या फोनला तेच गुलाबी कव्हर होतं. एका कोपऱ्यावर झेंडूचा पिवळा डाग पडला होता, तो निघाला नव्हता.

“समुद्राचं पाहाचं हाय नं तुमाले?” आचल म्हणाली. “मले वाटलंच होतं कोणी तरी विचारीन म्हणून.”

तिनं अॅप उघडलं आणि फोन वर्षालीच्या हातात दिला.

यादी हिरवी होती. वर्षालीनं ती वर सरकवली. हिरवी. आणखी वर, आणखी वर. एकाही तासाखाली रेघ नव्हती. सगळ्यांसमोर तीच खूण होती, आणि यादीच्या टोकाला लिहिलं होतं की अभ्यासक्रम पूर्ण झाला आहे, अभिनंदन.

“हे... कधी झालं?”

“म्या केलं,” आचल म्हणाली. तिच्या आवाजात हौस होती, आणि थोडा संकोच. “फोन आला तवा पाहिलं तं त्याइचं मधातच राहिलेलं. काही झालं होतं, काही बाकी होतं, एक तं अर्धंच सोडलेलं. बाबा म्हणतेत वापरलं तं पोचते. मंग म्या म्हटलं, बिचाऱ्या बाईचं शिक्षण अर्धं काहून ठेवाचं? रोज लावत गेली. स्वयंपाक करता करता, भांडे घासता घासता. एक संपलं का दुसरं. सगळंच्या सगळं पुरं करून टाकलं.”

“हिला मी म्हटलं होतं, पुण्याचं काम आहे,” महाराज म्हणाले. “आता तुमच्या आईचं काही अडून राहिलं नाही. समुद्र पुरा पाहिला त्यांनी. अगदी निर्धास्त राहा.”

ते हे मनापासून म्हणत होते. त्यांच्या लेखी ते खरंच होतं. या घरात गादीवर पडलं की पाठ टेकत होती, आणि तास संपला की ज्ञान पोचत होतं. त्यांच्यासारखं आपल्याला मानता आलं असतं तर, असं वर्षालीला वाटलं. मग आज माय कुठं तरी बसून सगळ्याचा शेवट पाहून हसत असती, आणि आपण चहा पिऊन उठलो असतो. पण तिनं इतकी पुस्तकं वाचली होती, आणि त्यांतल्या एकानंही तिला हे मानायला शिकवलं नव्हतं.

“आचल,” ती जपून म्हणाली, “ते जे अर्धं सोडलेलं होतं, ते कोणतं होतं? आठवतं?”

“कोणतं...” आचलनं फोन परत घेतला. यादीवरून बोट फिरवलं. “थे पाहा, सगळ्याईचे फोटो सारखेच. मागं काळं पाणी अन् पुढे सर. नाव काही ध्यानात नाही, ताई.”

“सुरुवातीला होतं, की शेवटाकडे?”

“मधात असन. नाही, खालीच होतं वाटते.” तिच्या कपाळाला आठी पडली. तिला कळायला लागलं होतं की काही तरी चुकलं आहे, पण काय ते कळत नव्हतं. “काहून, ताई?”

“त्यात हसण्यासारखं काही होतं का? काही मजेचं?”

आचल बराच वेळ विचार करत राहिली. वर्षाली तिच्या चेहऱ्याकडे पाहत होती. आता जगात हे सांगू शकेल असं हे एकच माणूस होतं.

“खरं सांगू का?” आचल हळू आवाजात म्हणाली. “म्या ऐकलं नाही नीट. कुकरचा आवाज, मिक्सरचा आवाज. अन् मले काही समजेही नाही त्यातलं. नुसतं चालू ठेवत होती. त्याइच्यासाठी.”

महाराजांनी रिकामा कप पलंगाखाली सरकवला.

“चुकलं का मायं, ताई?”

“नाही गं,” वर्षाली म्हणाली. “खूप केलंस तू.”

आचल तिला वेशीपर्यंत सोडायला आली. नांदगाव पेठेत तिच्या भावाला कापडाच्या कारखान्यात काम लागलं, ते सांगत राहिली. अमरावतीला आलं की भेटीन म्हणाली. वर्षाली हो हो म्हणत होती. फोन हातात धरून त्या पोरीनं काही वाईट केलं नव्हतं. वाईट कुणीच केलं नव्हतं. मायला करमावं म्हणून नितेशनं दिला, मायला पोचावं म्हणून आचलनं वापरला, आणि एवढ्या सगळ्यांच्या मायेखाली ती एवढीशी लाल रेघ पुसून गेली.

त्यानंतर वर्षालीनं तो अभ्यासक्रम स्वतः पाहिला, पहिल्या तासापासून. संध्याकाळी कॉलेजातून आलं की ती जेवणाआधी बसायची. सर चांगलं शिकवत होते. कपाळावर दिवा घेऊन फिरणारा मासा आला, तेव्हा तिला वाटलं, हे मायला माहीत होतं. चंद्र आला. देवमाशाची माय आली. त्याच्या पुढे मात्र प्रत्येक वाक्य ऐकताना तिला कळेनासं झालं, की हे मायनं ऐकलं होतं की नाही. ती प्रत्येक तासात हसण्याची जागा शोधत होती. खेकडे आडवे चालतात, ते असेल? स्वतःचं पोट उलटं करून बाहेर काढणारा प्राणी, तो असेल? सर एकदा खोकले आणि चष्मा शोधू लागले, तो त्यांच्या डोक्यावरच होता. ते असेल? तिनं हे सगळं मन लावून पाहिलं, आणि तिला कुठंही हसू आलं नाही. शेवटचा तास संपला. त्यात प्राध्यापकांनी सगळ्यांचे आभार मानले.

रविवारी नितेशचा फोन आला. माय गेल्यापासून रविवारी तो करायचा. दोघांपैकी कुणी ते ठरवलं नव्हतं. वर्षाली काय शोधते आहे, ते तिनं त्याला मधल्या एका रविवारी सांगितलं होतं.

“झालं का तुयं थे समुद्राचं?” त्यानं विचारलं.

“झालं.”

“सापडलं का मंग?”

“नाही.”

मागं कुत्रं भुंकत होतं. करिश्मा कुणाला तरी गाठोडी मोजायला सांगत होती.

“पण होतं काय त्यात एवढं?” तो म्हणाला. “दिवसभर पाहे ती. म्या एकदाही बसून पाहिलं नाही. काय होतं?”

वर्षालीला सांगायचं होतं. मासा सांगता आला असता, चंद्र सांगता आला असता. मायनं सांगितलं तसं सांगायला ती तोंड उघडायला गेली, आणि तिला एकही गोष्ट तशी येईना.

“पाणी होतं,” ती म्हणाली. “सगळं पाणीच होतं.”

“हां,” नितेश म्हणाला. मग घाईघाईनं, “लाइन आली वाटते, ताई. विहिरीवरची मोटर लावाची हाय. ठेवतो.”